सोबतीचं माणूस

"सोबत कोण आलंय?" नर्सने विचारलं.

"कुणी नाही," जगमित्र म्हणाले. "जगभर एकटा फिरलोय मी, बाई. घरापर्यंत जाईन की."

नर्सला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला ती एकट्याला दाराबाहेर सोडणार नव्हती. सोबतीचं माणूस समोर येऊन सही करील, तरच ऑपरेशन. नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी. "अकरापर्यंत बघा कुणी मिळतंय का," असं म्हणून तिने सहीचा कागद त्यांच्या हातात दिला, डोळ्यात थेंब टाकले आणि ती निघून गेली.

उजवा डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्या डाव्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता, की दोन महिने थांबायचं म्हणजे दोन महिने भिंत चाचपत मोरीपर्यंत जायचं.

जगमित्र हे नाव त्यांना कचेरीतल्यांनी ठेवलेलं. देशोदेशीच्या तरुण पोरांना पंधरा दिवस एका छपराखाली ठेवायचं, एका पातेल्यातलं जेवू घालायचं, भांडली की समजूत काढायची, असली शिबिरं त्यांनी तीस वर्षं भरवली. शेवटच्या दिवशी भाषणात ते हमखास सांगत, "पृथ्वी हे एकच घर आहे. देश म्हणजे नुसत्या खोल्या." टाळ्या पडत. पोरं गळ्यात पडून रडत. संसार करायला मात्र जगमित्रांना सवड झाली नाही.

फोनमध्ये नऊशे नंबर होते. पण थेंबांनी अक्षरं विरघळल्यासारखी झाली होती. त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे फोन धरला. तिथे कुणी बाई बसल्या आहेत, एवढं त्यांना दिसत होतं. "ताई, यातली नावं जरा वाचून दाखवता? मी थांबा म्हटलं की थांबा."

बाई वाचू लागल्या. प्रत्येक नावापुढे शहर लिहिलेलं होतं. जगमित्र प्रत्येक नावाला हसत. हा समुद्रापलीकडे असतो. ही आता आजी झाली. याच्याकडे आत्ता पहाटेचे तीन वाजले असतील. याच्या लग्नात मी नाचलो होतो. किस्से रंगत गेले. बाईही चांगल्या ऐकणाऱ्या निघाल्या. थांबा असं काही जगमित्र म्हणेनात.

"काका," शेवटी बाईच म्हणाल्या, "ह्यात ह्या गावातलं कुणी नाही का हो?"

"असेल ना. बघा की."

बाईंनी बराच वेळ बोट फिरवलं. "एक आहे. नळ दुरुस्तीवाला. लावू का त्याला?"

चेष्टा होती, पण जगमित्रांना हसू आलं नाही. क्षणभर त्यांनी खरोखरच नळवाल्याचा विचार केला, आणि मग त्यांना इतकं एकटं वाटलं, की परक्या गावात सामान हरवल्यावरही कधी वाटलं नव्हतं. घड्याळात किती वाजले, हे विचारायचाही त्यांना धीर होईना.

"तुम्ही चौथ्या मजल्यावरचे ना?" बाईंनी विचारलं. "कोपऱ्यावरची पिवळी इमारत?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"मी तुमच्या खालीच राहते. तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. तीनदा वर येऊन बेल वाजवली. तुम्ही नसायचाच."

"अरेरे! कधीपासून पडतंय?"

"सहा वर्षं झाली. जाऊ द्या आता." बाईंनी पर्स बंद केल्याचा आवाज झाला. "सासूबाई आत गेल्यात, त्यांचाही डोळाच आहे. त्यांना घेऊन जायचंच आहे, तुम्हीही चला. एका गाडीत दोन पट्ट्या. द्या तो कागद, मी करते सही."

जगमित्रांनी कागद पुढे केला. आभार मानायला त्यांना सात-आठ भाषांतले शब्द येत होते. त्यातला एकही त्यांच्या तोंडातून फुटला नाही.

"नातं विचारलंय इथं," बाई म्हणाल्या. "पुतणी लिहिते. काका तर म्हणतेच आहे." त्यांनी सही ठोकली आणि कागद खिडकीवर देऊन आल्या. अकराला पाच कमी होते.

मग सगळं भराभर झालं. जगमित्रांना पाठीवर नाड्या बांधायचा हिरवा झगा चढवला, डोक्याला टोपी घातली, स्ट्रेचरवर आडवं केलं. छताचे दिवे त्यांच्या डोळ्यांपुढून फिक्या गोळ्यांसारखे सरकले. आता दिसेल, असं त्यांना वाटलं. परत आल्यावर निम्म्या जगाला फोन करून ही गोष्ट सांगायची, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

आतल्या दारापाशी नर्सने स्ट्रेचर थांबवलं. "इथं पेशंटच्या तोंडूनच वदवून घ्यायचं असतं हं आजोबा, कागदावर असलं तरी. तुमचं नाव?"

जगमित्रांनी खरं नाव सांगितलं.

"डोळा कुठला?"

"डावा."

"घरी कोण नेणार?"

"पुतणी," जगमित्र ऐटीत म्हणाले.

"नाव काय तिचं?"

जगमित्रांनी तोंड उघडलं. तासभर ते त्या बाईंशी बोलत होते. जगभरातल्या माणसांची नावं त्यांनी बाईंकडून वाचून घेतली होती.

"आजोबा? पुतणीचं नाव?"

"एक मिनिट थांबा," जगमित्र म्हणाले, आणि झगा सावरत स्ट्रेचरवरून खाली उतरू लागले. "मी विचारून येतो."