घरचं मोठं माणूस

लिपस्टिक लावली आणि ती आणखीच लहान दिसायला लागली, गॅदरिंगला नाचायला निघाल्यासारखी. तिने ती खसाखसा पुसून काढली. नखांवरचं चमकीचं पॉलिश खरवडलं. मावशीचा करडा कुर्ता चढवला, खांद्याशी आतून पिन मारली आणि केस मागे घट्ट बांधले. आता आरशात कुणीतरी कॉलेजातली उभी होती. निदान तिला तरी तसं वाटलं. मावशी आंघोळीला शिरली तशी ती निसटली.

वॉर्डात चौदाच्या आतल्यांना सोडत नाहीत आणि तिला अजून तेरावं सरायचं होतं. आई आत होती. मावशीचं रोज एकच पालुपद, "बरी आहे गं ती." बरी आहे, तर फोनवर का बोलत नाही? हे विचारलं की मावशीला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं.

दारावरच्या रखवालदाराने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

'तुम्ही' ऐकून तिने खांदे ताठ केले. "बहीण. धाकटी."

"जा."

आत नर्सला तिने आईचं नाव सांगितलं. "धाकट्या बहीण का? बरं झालं आलात," नर्स म्हणाली. "रिपोर्ट आलाय. डॉक्टर केव्हाचे घरचं कुणी मोठं माणूस विचारताहेत." आणि नाही म्हणायच्या आत तिला एका खोलीत नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी कागदांतून मान वर केली नाही. "गाठ साधी नाही. उद्याच काढावी लागेल. पुढचे उपचारही लांबतील. त्यांना सकाळीच सांगितलंय मी, धीराच्या आहेत. एकच घोर लावून घेतलाय, मुलीला कळता कामा नये."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"केवढी आहे मुलगी?"

"लहान आहे," ती म्हणाली.

"मग सांभाळा तिला."

"हो."

आई उशीला टेकून बसली होती. तिने लेकीला बघताक्षणी ओळखलं. रागवावं की हसावं, तिला कळेना.

"अगं बये! तुला आत सोडलं कुणी? डॉक्टर भेटले का?"

"नाही."

आईचे खांदे सैल पडले. "मला म्हणाले, दोन-चार दिवसांत घरी सोडतो. साधंच दुखणं आहे."

"मावशीही तेच म्हणते."

"मग? तू उगाच जिवाला..." आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

लेक जवळ आली. उशी खाली सरकवली. चादर आईच्या गळ्यापर्यंत ओढली आणि कडेने नीट खोचली.

"पुरे आता बोलणं. झोप."

आईने निमूट डोळे मिटले.