करंजवेळची ओटी

ओहोटीचं पाणी पुरतं ओसरलं तशी सुगंधा चपला हातात घेऊन बंधाऱ्याच्या पायथ्याशी उतरली. ट्रकएवढ्या कापडी गोण्या तिथे एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांच्यापुढे समुद्र होता आणि मागे तिचं सासरचं गाव.

बारा वर्षांपूर्वी तिचं माहेर, करंजवेळ, बुडणार हे नक्की झालं, तेव्हा गावची माती खरवडून ह्या गोण्यांत भरली होती. बुडणाऱ्या गावानं मागच्या गावाला आडोसा द्यायचा, असा आता किनाऱ्याचा कायदाच होता.

परवाच्या उधाणानं वरची रांग सरकली आणि आतली एक गोणी उघडी पडली. बंधाऱ्याचे राखणदार मयेकरकाका यांनी तिला मुद्दाम निरोप धाडला होता. आता त्यांनी तिच्यासमोर कापडाला फोन टेकवला. कापडात विणलेल्या खुणेच्या धाग्यावरून मातीचा पत्ता फोनवर उमटला, तो काकांनी वाचला.

"करंजवेळ, घर नंबर एकवीस, पुढची ओटी. तुमचंच ना, वहिनी?"

त्याच ओटीवर पाट मांडून, सासरी निघताना आई तिची ओटी भरायची.

सुगंधानं गोणीला गाल लावला. कापडातून पाणी झरत होतं.

"काका, ही गळतेय! माती जाईल सगळी."

"कुठली जाते? हे कापड पाणी सोडतं, माती नाही सोडत. बारा वर्षांत चमचाभर सांडलेली नाही."

तिनं झरणाऱ्या पाण्याखाली पदर पसरला. पाणी पदरातूनही खाली गळत होतं, तरी ती तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं काका म्हणाले, "चला वहिनी, भरती येतेय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "ओटी भरून होऊ दे."