वेदीवरचं कापड

रेडिओने वेदीवरच्या कापडावर इस्त्री टेकवली आणि ओठ घट्ट मिटले.

रेडिओ हे घरात पडलेलं नाव. इस्त्रीवालीची ही धाकटी बारा वर्षांची, आणि त्यातली अकरा वर्षं ती सलग बोलत आली होती. दर शनिवारी चर्चचं हे लांबलचक पांढरं कापड दुकानात यायचं. त्याचा नियम आईने घालून दिला होता. हात धुवायचे, डोक्याला रुमाल बांधायचा आणि कापड संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं काम करायचं. बोललं की इस्त्री दुसरीच्या हातात. हा मान मिळावा म्हणून धाकटीने दोन महिने वेटरांच्या शर्टांच्या कॉलरी केल्या होत्या, कुरकुर न करता. निदान कॉलरींबद्दल तरी.

“मनगटात जोर हवा आणि वागण्यात नम्रपणा,” आई मुलींना सांगायची. “देवाने बाईला दोन्ही दिलंय. एक वापरून दुसरं गंजवायचं नाही.” पहिलं तिन्ही मुलींना आलं होतं. दुसरं आईलाही शनिवारपुरतंच जमायचं.

“रेडिओ, तुझ्या पाठीवर पाल,” मधली म्हणाली. धाकटी हरली तर इस्त्री तिच्याकडे जाणार होती.

इस्त्री थांबली नाही.

पाळकांच्या पत्नी कापड न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. “ही गप्प कशी? बरं नाही का तिला?”

“देवाची कृपा आहे, बाई,” थोरली म्हणाली.

निम्मं कापड झालं असेल नसेल, तोच बँडमधला ट्रम्पेटवाला पांढरा कोट नाचवत आत आला. “सकाळी इथून नेला, दुपारी सरावाला घातला, तर हे बघा. जाळलात. संध्याकाळी लग्नात काय घालून वाजवू मी?”

काखेच्या खाली काळपट डाग होता. कोट मधलीने केला होता. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

पाळकांच्या घरच्यांसमोर हुज्जत घालणं आईला नको होतं. “झाली असेल चूक,” ती म्हणाली. “मधले, माफी माग काकांची.”

मधलीने हात जोडायला घेतले.

रेडिओने इस्त्री उभी करून ठेवली. हनुवटीखालची गाठ सोडली, रुमालाची घडी घातली आणि ती बाजूला ठेवली. आपण काय सोडतोय ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“काका, जळलेलं कापड हिरवं होत नाही. ह्या डागाची कड बघा, हिरवट आहे. आणि इस्त्रीचं तोंड टोकदार असतं, हा तर वाटोळा. ट्रम्पेट काखेत धरून उभे राहता ना तुम्ही? पितळ उतरलंय. ताई, लिंबू आण गं. मीठ पण. आणि काका, ट्रम्पेट शेवटचं पुसलं कधी होतं?”

तासाभराचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. लिंबू-मीठ चोळता चोळता डाग फिका झाला, मग गेला. ट्रम्पेटवाल्याने कोट घेतला, “पोरगी तिखट आहे,” म्हणाला आणि निघाला. दारातून मागे वळून ट्रम्पेट कशाने पुसायचं तेही विचारून गेला.

मग सगळ्यांची नजर अर्ध्या राहिलेल्या कापडाकडे वळली.

“नियम तो नियम,” आई म्हणाली. पाहुणीसमोर तिचा आवाज जरा जास्तच कडक झाला होता. “इस्त्री आता मधलीची.”

रेडिओने मान खाली घातली आणि ती काहीच बोलली नाही. त्या दिवसातला खरा चमत्कार हा.

मधलीने हात धुतले, पुसले. रुमाल उचलला, झटकला, आणि धाकटीच्या डोक्यावर टाकून करकचून गाठ मारली.

“अर्धं राहिलंय अजून. आणि आता हूं नाही की चूं नाही.”

पाळकांच्या पत्नींनी आईकडे पाहिलं. आईला काही दिसलंच नव्हतं. ती खाली वाकून एक कॉलर करत होती. तीच कॉलर, तिसऱ्यांदा.