गव्हर्नर हरल्याची बातमी

निवडणूक हरलेले गव्हर्नर एलिहू थॅचर अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आपल्या गावी उतरले आणि घरी न जाता थेट छापखान्यात शिरले. वर्तमानपत्र त्यांनीच काढलेलं. ते राजधानीत गेल्यापासून बायको ड्रुसिला चालवत होती. शाईचा ओळखीचा वास आला. पहिला अंक दोघांनी इथंच, उपाशीपोटी, हसत हसत छापला होता. ड्रुसिला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होती. "माझ्या पराभवाची बातमी? चार ओळींत उरक ना." "दुसरा कुणी हरला असता, तर तुम्ही किती जागा दिली असती?" कोट काढून ते तिच्याशेजारी ओळी जुळवू लागले. बोटांना अक्षरांचे कप्पे अजून आठवत होते. ड्रुसिलानं त्यांच्या ओळी वाचल्या. "'दुर्दैवानं हरले' कशाला? बातमीत आपलं मत घालायचं नाही, तुम्हीच शिकवलंत." तिनं 'दुर्दैवानं' उपसून काढलं. "आणि माझ्यापुरतं ते खरंही नाही. तुम्ही घरी आलात."