बोटाखालचा आकडा

शाळा दुसरीतच सुटलेली, पण जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या सासूबाईंच्या शब्दाला बाजारात वजन होतं. प्रोसेसरचा वेग बाहेरच्या स्टिकरवरून कधी सांगायचा नाही. मशीन स्क्रीनवर स्वतः सांगेल त्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचं, हा त्यांचा दंडक.

त्या दुपारी सुनेने एक मशीन चालू करून दिलं, तेव्हा सासूबाईंच्या बोटाखाली ३.२ गिगाहर्ट्झ होतं. बघता बघता त्याचं २.४ झालं.

"काय गं, आकडा फुगवून ठेवला होतास ना? खोटं निघालं तर दुकानाची पायरी चढू देणार नाही."

"नाही हो आई! मशीन रिकामं बसलं की वेग उतरतो. थांबा, त्याला कामाला जुंपते." सुनेने चार प्रोग्राम एकदम चालू केले.

आता वेग चढायला हवा होता. तो १.६ वर आला.

"कामचुकार मेलं, अगदी तुझ्यासारखं!"

सून हसली. ते हसू तिच्या ओठांवर जरा जास्तच वेळ राहिलं.

०.९. डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजता येऊ लागली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाय रोवून उभा राहिला, मग कसाबसा एक घर सरकला.

"बंद कर ते!"

सुनेचा हात बटणाकडे निघाला, खोल पाण्यातून निघावा तसा. ०.३. तिने हाक मारायला तोंड उघडलं. "आ" आला. "ई" काही आलीच नाही.

सासूबाईंचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. ०.१. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, मशीनने खोटं बोलावं.

बोटाखाली आकडा पुन्हा हलला.