टेबलाचा आखूड पाय

कपडे शिवण्याचे मी पैसे घेतो, मतं मात्र गिऱ्हाइकांना फुकट देतो. त्या दिवशी पेपर वाचून माझं डोकंच फिरलं. आमच्या गल्लीतल्या गोदामात अमली पदार्थांची पोती सापडली होती, त्या प्रकरणातल्या टेंपो ड्रायव्हरला जामीन मिळाला होता. खटला सहा वर्षांत तसूभर सरकला नाही, मुख्य साक्षीदार एकाही तारखेला फिरकला नाही, मग माणसाला किती दिवस असंच आत ठेवायचं, असं न्यायाधीशांनी विचारलं होतं.

“म्हणजे विष विकणारे मोकळे!” मी गरजलो. माप द्यायला हात पसरून उभे असलेले घड्याळवाले काका दचकले.

“पण तो निर्दोष असला तर?” काका म्हणाले. “सहा वर्षं गेली की हो त्याची.”

“मग तर त्या साक्षीदाराला भर चौकात उभं केलं पाहिजे! लाज कशी वाटत नाही?” मी कापड बेतायच्या टेबलावर मूठ आपटली. टेबल जरासुद्धा डुगडुगलं नाही. त्याचा एक पाय आखूड आहे, पण त्याखाली कागदांची जाड घडी कोंबायची अक्कल माझीच.

काजं करत बसलेली बायको उठली. तिने वाकून ती घडी ओढून काढली आणि काकांसमोर उलगडली.



कोर्टाची अकरा समन्स होती, सगळी माझ्याच नावाची.