हाताखालची टेकडी

डोळे मिटा पाहू. घट्ट मिटा, फटीतून बघायचं नाही. आता हात पुढे करा आणि समजा, की हाताखाली एक टेकडी आहे. गार, गुळगुळीत, गवत नाही की माती नाही. हात हळूहळू पुढे जाऊ द्या. टेकडी उतरते, पुन्हा वर येते आणि लांबवर जाऊन पाण्यासारखी निजते. इटलीतल्या तोरिनो शहरात, मोटारींच्या एका कारखान्यात नऊ वर्षांची निवेस त्या सकाळी अशीच चालली होती, डोळ्यांवर लोकरी कापडाची पट्टी बांधून, एका मोटारीच्या कडेकडेने.

मोटारीला अजून रंग नव्हता. नुसता उघडा पत्रा, कानशीने घासून राखाडी झालेला. कारखान्याचं लढाईत उडालेलं छप्पर अर्धंच बसवलं होतं, त्यामुळे अर्ध्या मोटारीवर ऊन होतं. नदीकाठच्या झाडांचा कापूस तरंगत आत येई आणि पत्र्यावर क्षणभर टेकून पुढे जाई.

मोटारीची एक बाजू एकाने ठोकायची, दुसरी दुसऱ्याने, ही तिथली रीत. डावं मडगार्ड निवेसच्या बाबाचं, एवाझिओचं, उजवं चेल्सोकाकाचं. आणि ज्याने ठोकलं त्याने ते तपासायचं नाही, ही दुसरी रीत. एरवी सीट शिवणारी तेरसिला हात फिरवून बघायची, कारण तिचे हात मऊ. ती आज तापाने घरी पडली होती. निवेस बाबाचा डबा घेऊन आली, तेव्हा मालक म्हणाले, "पोरीचा हात बघू."

"आधी तिला गिरक्या द्या चांगल्या," चेल्सो म्हणाला. "नाहीतर बापाची बाजू घ्यायची."

"घेईल तर घेईल. तुझ्या बाजूला काय घेण्यासारखं आहे?" एवाझिओ म्हणाला.

"माझ्या मडगार्डवर लेकरू झोपवलंस ना, तर सकाळपर्यंत कूस बदलणार नाही."

"गप्प बसा दोघं," मालक म्हणाले. "उद्या रंग चढायचाय. एकदा रंग चढला की पत्रा सगळं बोलून दाखवतो. सरोवरावरच्या मोटारींच्या मेळ्यात शंभर माणसं बघतील. आणि माझं मन सांगतंय, कुठेतरी काहीतरी राहिलंय."

एवाझिओ हसला, पण थोडा उशिरा. मागच्या मोटारीला त्याचंच मडगार्ड कापून काढावं लागलं होतं. पुन्हा तसं झालं तर नव्या मोटारी बंद, बसगाड्यांचे पोचे काढायला जायचं, असं मालकांनी त्याला बजावलं होतं. निवेसला हे ठाऊक होतं. जेवताना बाबानेच सांगितलं होतं, गंमत सांगावी तसं. आई हसली नव्हती.

गिरक्या देऊन झाल्या. निवेसने हात टेकवला.

पहिली बाजू झोपेसारखी गेली. हात कुठे संपला आणि पत्रा कुठे सुरू झाला, हे तिला कळेना. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, टेकडी तिला नेत राहिली. अशी ती मागच्या टोकाला आली.

मग दुसरी बाजू. इथे कुणाचा तरी श्वास होता, रोखून धरलेला आणि मग एकदम सोडलेला. तो बाबाचा श्वास, तिने न बघताही ओळखला. तरी हात पुढे गेला. टेकडी चढली, उतरली, वळली. छान होती. बाबा घरी सांगायचा तशीच होती.

मागच्या चाकाच्या वर तिचा हात किंचित खाली गेला. अगदी किंचित. स्वप्नात जिना उतरताना एक पायरी नसते ना, तसा.

हात थांबला नव्हता. कुणाला काही कळलं नव्हतं. निवेस शेवटपर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली.

"बरी आहे ना?" एवाझिओने विचारलं.

ती मागे फिरली, चाकाच्या वर आली आणि म्हणाली, "इथे."

चेल्सो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

एवाझिओने तिथे तळवा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. हातोडा धरून धरून तो तळवा जोड्याच्या तळासारखा झाला होता. "मला काही लागत नाही," तो हळूच म्हणाला. "शपथेवर सांगतो, मालक."

चेल्सोने हात लावून पाहिला. "मलाही नाही. पण लेकरू बापाविरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

"दोनचार ठोक्यांत खळगा भरला असता," मालक म्हणाले. "पण प्रत्येक ठोक्यानंतर हाताला कळायला हवं, किती उरला. ज्याला खळगा लागतच नाही, त्याने तो भरायचा कसा? कापूनच काढू. चेल्सो, पत्र्याची कात्री आण."

"आणतो," चेल्सो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

निवेसने पट्टी कपाळावर सरकवली. बाबा पत्र्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. बाजारातून ओढून न्यावं तसं तिने त्याला मनगट धरून मोटारीच्या पुढच्या टोकाशी नेलं. मग तो हात उलटा केला, त्याची पाठ पत्र्याला टेकवली, तिथली कातडी अजून मऊ होती, आणि ती चाकाच्या दिशेने सावकाश चालू लागली. चाकाच्या वर येताच बाबाचा हात आपणहून थांबला, बरोबर खळग्यावर. निवेसने तो सोडून दिला.